फावल्या वेळेचा हिशेब : लिहिण्याचा छंद, पण वही कोणाची?



छंद म्हटला की आपल्या वस्त्यांमध्ये कॅरम, क्रिकेट, गायनपार्टी आणि अलीकडे हातातला मोबाईल एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. लिहिणे हाही छंद होऊ शकतो, हे फार थोड्यांच्या मनात येते. म्हणूनच या सदराकडे एका मुलीने विचारलेला प्रश्न वाचून समाधान वाटले. ती विचारते, ‘इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येते असे ऐकले. मलाही रोज थोडे लिहायचे आहे. पण असे ज्ञानकोश एकापेक्षा जास्त दिसतात. त्यातला कोणता निवडू?’

प्रश्न साधा दिसतो, पण तो योग्य वेळी विचारलेला आहे. आपण पतपेढीत पैसे ठेवताना ती कोणाची, बुडेल काय, पावती मिळते काय, हे चार जणांना विचारतो. आपल्या आयुष्यातले तास जिथे ठेवायचे, तिथेही तेवढीच चौकशी करायला हवी. नोकरी, घरकाम, मुलांचा अभ्यास हे सगळे उरकून दिवसाला अर्धा तास उरतो. वर्षाला ते १८० तासांच्या वर जातात. एवढे तास चुकीच्या वहीत लिहून वाया जाऊ नयेत, यासाठी आजचा हा लेख.

ज्ञानाची वही पूर्वी कोणाच्या हाती होती

ज्ञानकोश म्हणजे जगातल्या विषयांची थोडक्यात, नेमकी माहिती देणारा ग्रंथ. मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे केले. पुढे महाराष्ट्र राज्याने मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. वाईला कचेरी, आणि पहिला खंड निघाला १९७६ साली. ही कामे मोठीच आहेत. पण त्यांत कोणी लिहायचे हे संपादक मंडळ ठरवीत असे. लेखक म्हणजे प्राध्यापक, डॉक्टर, अभ्यासक. गिरणीतला कामगार, सफाई खात्यातला माणूस, घरकाम करणारी बाई यांनी तो ग्रंथ वाचावा, फार तर वाचनालयात जाऊन पाने उलटावीत. त्यात आपली एक ओळ घालावी, अशी सोयच नव्हती.

इंटरनेटवर ही स्थिती बदलली, पण एका दिवसात नव्हे. अमेरिकेत २००० साली न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू झाला. त्यात प्रत्येक लेखाला तज्ज्ञांच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. परिणाम असा झाला की जेमतेम पंचवीसेक लेख तयार झाले आणि २००३ साली ते काम बंद पडले. त्याच मंडळींनी, म्हणजे जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी, १५ जानेवारी २००१ रोजी जोडकाम म्हणून विकिपीडिया उघडला. तिथे कुणालाही लिहिण्याची, कुणालाही दुरुस्त करण्याची मुभा होती. जोडकाम मूळ कामाच्या पुढे निघून गेले. आज इंग्रजी विकिपीडियात ७० लाखांहून अधिक लेख आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे.

कुणीही लिहिले तर चुका होणार नाहीत काय? होतात. २००५ साली जॉन सायगेंथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी खोडसाळपणे त्यांचे नाव राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी जोडले आणि ते काही महिने तसेच राहिले. पण त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेखांची तुलना केली, तेव्हा विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य इतकेच की तज्ज्ञही चुकतात आणि साधी माणसेही चुकतात. फरक पडतो तो चूक सापडल्यावर ती दुरुस्त करायला किती वेळ लागतो आणि दुरुस्ती कुणाला करता येते यामुळे.

वही उघडण्यापूर्वी पाच प्रश्न

मी स्वतः कारकून माणूस, वाणिज्य शाखेचा. म्हणून या निवडीसाठी हिशेबनीसाला सुचतील असेच पाच प्रश्न मांडतो.

पहिला : मालक कोण? काही जागा खासगी कंपनीच्या असतात. गुगल कंपनीने २००८ साली ‘नोल’ नावाची अशी जागा उघडली. लोकांनी हौसेने लेख लिहिले. कंपनीला ते फायद्याचे वाटेना, म्हणून २०१२ साली तिने दुकान बंद केले. लेखकांना आपापले लेख हलवायला मुदत मिळाली. ज्यांचे लक्ष नव्हते, त्यांची मेहनत गेली. विकिपीडिया ही विकिमीडिया फाउंडेशन या २००३ साली स्थापन झालेल्या, नफ्यासाठी नसलेल्या संस्थेतर्फे चालते. तिथे जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून भागतो. संस्था चिरंजीव असते असे मी म्हणणार नाही. पण मालकाचा नफा आटला म्हणून रातोरात कुलूप लागण्याचा धोका तिथे कमी.

दुसरा : लिहिलेले कोणाचे? विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. म्हणजे तुम्ही लिहिलेला लेख उद्या कुणीही छापू शकतो, वाढवू शकतो, विकूही शकतो. अट एवढीच की स्रोताचा उल्लेख करावा आणि आपला मजकूरही तसाच मुक्त ठेवावा. लेखावर तुमचे नाव झळकत नाही. ज्यांना नावाची हौस आहे, त्यांनी हे आधीच समजून घ्यावे. पण याच परवान्याचा फायदा असा की मूळ जागा बंद पडली तरी मजकूर दुसरीकडे कायदेशीरपणे जिवंत ठेवता येतो.

तिसरा : भाषा कोणती? जी भाषा आपल्या घरात बोलली जाते, तिच्यात लिहिताना चूक लगेच कानाला खटकते. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे उदाहरण बोलके आहे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने हजारो लेख मोडक्यातोडक्या स्कॉट्समध्ये लिहून ठेवले होते, हे २०२० साली उघडकीस आले. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ती भाषा बोलणाऱ्यांना आपल्याच घरात परक्यासारखे वाटले. यंत्राकडून भाषांतर करून मराठीत मजकूर ओतणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.

चौथा : चूक कोण धरतो? फार मोठ्या ज्ञानकोशात हजारो डोळे असतात, लहानात थोडे. लहान जागा थोड्या लोकांच्या मुठीतही जाऊ शकते. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर जवळजवळ दहा वर्षे एका कडव्या राष्ट्रवादी गटाची पकड होती, असा अहवाल विकिमीडिया फाउंडेशननेच २०२१ साली प्रसिद्ध केला. म्हणून लिहिण्यापूर्वी महिनाभर नुसते वाचावे. प्रत्येक लेखाला एक चर्चापान असते. तिथे माणसे एकमेकांशी कशी बोलतात, नवख्याला समजावतात की हाकलतात, हे पाहावे. भाड्याची खोली घेताना आपण शेजार पाहतो, तसेच हे.

पाचवा : पुरावा काय मागतात? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याकडे पुढे स्वतंत्रपणे येतो.

काही जण विचारतील, तज्ज्ञांच्या देखरेखीखालची जागा बरी नव्हे काय? तसाही प्रयोग झाला. विकिपीडियाच्याच सँगर यांनी २००६ साली सिटिझेंडियम नावाचा ज्ञानकोश जाहीर केला. खरे नाव देणे सक्तीचे, तज्ज्ञांना विशेष अधिकार. विचार वाईट नव्हता, पण लिहिणारे रोडावत गेले आणि तो मागे पडला. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. संदर्भ म्हणून तो अवश्य वापरावा, पण वाटेल तेव्हा जाऊन त्यात कुणाला बदल करता येत नाही. तेव्हा आपल्यासारख्या फावल्या वेळेच्या लेखकाला व्यवहारात उरते ते विकिपीडिया आणि तिची भावंडे.

कोणासाठी कोणती जागा

भावंडे म्हणतो, कारण विकिपीडिया एकटी नाही. एकदा खाते उघडले की त्याच नावाने सर्व ठिकाणी काम करता येते. घरातल्या प्रत्येकाला त्यात आपापल्या कुवतीचे काम आहे.

विकिस्रोत : इथे लेख लिहायचे नसतात, तर जुनी पुस्तके जतन करायची असतात. पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूला आणि यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. यंत्राने ‘घ’ चा ‘ध’ केला असेल तर तो सुधारायचा. न तपासलेले पान लाल खुणेचे, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासलेले हिरवे. दहावी-बारावीच्या मुलांना याहून चांगली सुरुवात नाही. शुद्धलेखन सुधारते आणि न कळत पुस्तकही वाचून होते. मात्र पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले असले पाहिजे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ते मुक्त होते. महात्मा फुले यांचे निधन १८९० सालचे, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचा प्रश्नच नाही. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. पण त्याच लेखनाचा अलीकडे कुणी केलेला मराठी अनुवाद मुक्त नसतो, कारण अनुवादकाचा हक्क वेगळा. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो.

कॉमन्स : हे छायाचित्रांचे कोठार. ज्यांना लिहिण्यापेक्षा फिरण्याची आवड आहे, त्यांनी इथे यावे. आपल्या तालुक्याचे स्टेशन, जुनी लेणी, बाजारपेठ, पूल, वाचनालय यांचे स्वतः काढलेले स्पष्ट छायाचित्र द्यावे. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचे किंवा इमारतीचे छायाचित्र काढण्यास आपल्या स्वामित्वहक्क कायद्याची मुभा आहे. वर्तमानपत्रातले किंवा व्हॉट्सॲपवर आलेले चित्र मात्र टाकू नये. ते दुसऱ्याचे असते.

विक्शनरी : हा शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यानंतर आपल्या माणसांच्या तोंडी कितीतरी शब्द आले. गिरणीतले साचाखाते, जॉबर, बदली कामगार हे शब्द एका पिढीने रोज वापरले. गिरण्या गेल्या, तसे शब्दही जाऊ लागले. आजीला विचारून शब्द लिहून घेणे आणि तो कुठे छापलेला आढळतो ते शोधणे, हे नातवंडांचे काम. त्यासाठी पदवी लागत नाही.

मराठी विकिपीडिया : वरच्या कामात हात बसला की इथे यावे. मला ही जागा आपल्या वाचकांसाठी सर्वांत योग्य वाटते. इथल्या लाखभर लेखांतले पुष्कळ लेख दोन-चार ओळींचेच आहेत. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, आणि पुढे कोरे पान. इंग्रजीत नवा माणूस गर्दीत हरवतो. इथे एका माणसाच्या महिन्याभराच्या कामाने एखादा लेख उभा राहतो आणि पाचवीतला मुलगा तो वाचून आपला प्रकल्प लिहितो. काही शब्द तर मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. सराव करण्याच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सर्वांनी बोलण्याच्या जागेला ‘चावडी’. धूळपाटीवर कितीही गिरवा, कुणी रागावत नाही.

इंग्रजी विकिपीडिया : ज्यांचे इंग्रजी चांगले आहे, त्यांनी वर्षभराने तिकडे पाहावे. महाराष्ट्रातल्या माणसांविषयी जगभरचे लोक तिथेच वाचतात, हे खरे. पण नवे खाते किमान चार दिवसांचे होऊन त्यावर दहा संपादने झाल्याखेरीज तिथे थेट नवा लेख लावता येत नाही. जातींविषयीच्या लेखांवर इतकी भांडणे होतात की त्यांच्यासाठी वेगळे कडक नियम आहेत. पहिल्याच दिवशी तिथे उडी घेऊ नये.

पावती नसेल तर

आता पाचव्या प्रश्नाकडे येतो. कचेरीत नियम असतो की ज्या खर्चाला पावती नाही, तो मंजूर नाही. खर्च खरोखर झाला असेल, साहेबांना तो ठाऊकही असेल, तरी व्हाउचर नाही म्हणजे नोंद नाही. विकिपीडियाचा नियम अगदी तसाच आहे. ‘मला माहीत आहे’ हा तिथे पुरावा नव्हे. पुस्तक, वर्तमानपत्र, नियतकालिक, सरकारी अहवाल अशा छापून आलेल्या, विश्वासू ठिकाणी ती गोष्ट दाखवता आली पाहिजे. आपले स्वतःचे नवे संशोधनही तिथे चालत नाही. आणि ज्या विषयावर किंवा व्यक्तीवर इतरांनी पुरेसे लिहिलेलेच नाही, त्यावर स्वतंत्र लेख राहत नाही, काढून टाकला जातो.

समजा, तुमचे वडील तीस वर्षे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ते पुढे होते. वस्तीत त्यांनी रात्रशाळा चालवली. शंभर मुले त्यांच्यामुळे शिकली. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून त्यांच्यावर लेख लिहिला आणि चार दिवसांनी पाहता तो लेख नाही. कारण दिलेले असते, ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.’ अशा वेळी मनाला काय वाटते? ज्याच्या घरी टाईपरायटर होता, ज्याच्या ओळखीचा संपादक होता, त्याचे नाव छापले गेले. ज्याने खरोखर राबून माणसे घडवली, त्याचे नाव कुठेच छापले गेले नाही. आणि आज छापलेला पुरावा नाही म्हणून तो पुन्हा एकदा बाहेरच राहिला.

हा अन्याय नाही असे मी म्हणणार नाही. बायकांच्या बाबतीतही हेच दिसते. इंग्रजी विकिपीडियातल्या चरित्रलेखांत स्त्रियांचे लेख साधारण पाचात एक एवढेच आहेत. ही उणीव भरण्यासाठी २०१५ पासून तिथे स्त्रियांवरील लेखांची खास मोहीम चालू आहे. म्हणजे उणीव ज्ञानकोशातच निर्माण झाली असे नाही. जगाने जे छापले नाही, ते तिथे उतरले नाही.

पण म्हणून पुराव्याचा नियम नको, असे म्हणावे काय? माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. नियम सैल केला तर पहिला फायदा कोणाला होईल? ज्याच्याजवळ पैसा आहे, माणसे आहेत, त्यालाच. तो भाडोत्री लेखक बसवून आपल्या सात पिढ्यांचे पराक्रम लिहून घेईल. खोटा इतिहास लिहिणाऱ्यालाही ‘मला माहीत आहे’ एवढे पुरेल. पावतीचा नियम गरिबाला जाचक वाटतो, पण तोच श्रीमंताच्या मनमानीलाही अडवतो. तेव्हा नियम मोडण्यापेक्षा पावती तयार करणे हे आपले काम.

ते कसे करावे? वडिलांबद्दलची माहिती आधी छापून आणावी. त्यांच्याबरोबर काम केलेल्या चार जणांच्या आठवणी तारखांसह लिहून घ्याव्यात. युनियनची जुनी पत्रके, स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे एकत्र करावीत. स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला, पत्रकाराला ती दाखवावीत. आपल्या समाजाची साप्ताहिकेही याच कामासाठी आहेत. मूकनायक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ रोजी, जनता १९३० साली, प्रबुद्ध भारत १९५६ साली. त्या काळी मोठी वर्तमानपत्रे ज्या बातम्या छापत नसत, त्या तिथे छापल्या गेल्या. म्हणून आज अभ्यासकाला त्या दाखवता येतात. छापलेला कागद जपून ठेवला तर तो पन्नास वर्षांनी साक्ष देतो. दिवाळीला रद्दी विकताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आणि व्यक्तीवर स्वतंत्र लेख झाला नाही, तरी विषयावरचा लेख होऊ शकतो. मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. त्यांवर पुस्तके आहेत, सरकारी कागद आहेत, वर्तमानपत्रांत शेकडो बातम्या आहेत. त्या लेखात तिथले सार्वजनिक जीवन, कामगार चळवळ, वाचनालये यांची माहिती पुराव्यासह भरता येते. एका माणसाचे नाव नसेल, पण ज्या जगात तो जगला, ते जग तरी कोरे राहणार नाही.

जपून

काही गोष्टी मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो.

खाते उघडताना खरे नाव दिलेच पाहिजे असे नाही. टोपणनाव घ्यावे. आपला किंवा दुसऱ्या कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता, मुलांची शाळा यातले काही लिहू नये.

तिथे कुठलीही खाडाखोड लपत नाही. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला याची ती रोजकीर्दच. रागाच्या भरात लिहिलेले दुसऱ्या दिवशी पुसले तरी मागचे पान कुणालाही उघडून पाहता येते. म्हणून रागात असताना लिहू नये.

इतिहासपुरुषांवरचे आणि धार्मिक वादांचे लेख नवख्याने लांबच ठेवावेत. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी विकिपीडियातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात सायबर पोलिसांनी काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदवला होता. ज्याला रोजच्या कामावर जायचे आहे, त्याने छंदापायी कोर्टाची पायरी चढू नये. गावची नदी, पिके, जुने पूल, लोककला, वनस्पती, खेळ, कामधंदे असे हजारो विषय कोरे पडले आहेत. तिथून सुरुवात करावी.

‘तुमच्या नावाचे विकिपीडिया पान बनवून देतो, एवढे पैसे भरा’ असे सांगणारे भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये. पान टिकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. विकिपीडियाला नोंदणीची फी नाही, लेखाची फी नाही. त्याचप्रमाणे स्वतःवर, आपल्या नातेवाइकावर किंवा ज्या संस्थेत आपण पदाधिकारी आहोत, तिच्यावर आपणच लेख लिहिणे तिथे योग्य मानत नाहीत. तिथे तटस्थता लागते. आपल्या आवडत्या नेत्याविषयी लिहितानाही ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’ हे शब्द बाजूला ठेवून त्याने केले काय, कधी आणि कुठे, एवढेच लिहावे लागते. सुरुवातीला हे हाताला जड जाते. पण नुसती कामे ओळीने मांडली की विशेषणांची गरज उरत नाही, असा अनुभव येतो.

आता संगणकाला प्रश्न विचारला की तो पानभर मजकूर लिहून देतो. तो तसाच चिकटवू नये. ही यंत्रे बेधडक खोटे संदर्भही रचतात. उलट ही यंत्रे जे शिकतात, त्यात विकिपीडियाचा वाटा मोठा आहे. आपल्या वस्तीविषयी, आपल्या माणसांच्या कामाविषयी तिथे काही नसेल, तर यंत्रालाही ते ठाऊक नसणार, आणि उद्या आपल्याच नातवाला ते यंत्र ‘अशी काही नोंद नाही’ म्हणून सांगणार.

पहिल्या महिन्याचे काम

पहिला आठवडा नुसते वाचा. आपला तालुका, आपला धंदा, आपले आवडते पुस्तक यांवरचे लेख उघडा आणि काय नाही त्याची वहीत यादी करा. दुसऱ्या आठवड्यात खाते उघडून धूळपाटीवर सराव करा आणि विकिस्रोतावर रोज एक पान तपासा. तिसऱ्या आठवड्यात मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करा. चौथ्या आठवड्यात एका लेखात एकच वाक्य घाला, आणि त्या वाक्याला पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पान एवढी पावती जोडा. एक वाक्य म्हणजे फार थोडे, असे वाटेल. पण पावती जोडलेले वाक्य सहसा टिकते.

कुणी तुमचा मजकूर बदलला तर तो अपमान समजू नका. चर्चापानावर जाऊन ‘हे का काढले?’ असे सभ्यपणे विचारा. उत्तर पटले तर पुढे चला, पटले नाही तर आपला पुरावा मांडा. समोरचा कोण, कुठला, किती शिकलेला, हे तिथे दिसत नाही. दिसतो तो मांडलेला पुरावा. सरकारी कचेरीत खुर्चीपुढे उभे राहून ज्यांनी आयुष्यभर ‘उद्या या’ ऐकले, त्यांच्या मुलांना ही जागा आवडेल असे मला वाटते.

घरात एकच मोबाईल असेल तर वेळ वाटून घ्या. आईला शब्द सांगू द्या, मुलीला टाईप करू द्या, वडिलांना जुनी तारीख आठवू द्या, धाकट्याला छायाचित्र काढू द्या. पैसे मिळणार नाहीत, प्रमाणपत्र मिळणार नाही, पेपरात फोटो येणार नाही. एका कोऱ्या पानावर खरी माहिती उमटेल, आणि कधी न भेटलेला कुणीतरी विद्यार्थी ती वाचेल. फावल्या वेळेच्या हिशेबात ही जमेची बाजू आहे.

पुढील अंकी : जुनी कागदपत्रे, कात्रणे आणि छायाचित्रे घरच्या घरी, कमी खर्चात कशी जपावीत.